ट्यूनर फिरवण्याआधी: .२२ रायफलीच्या नळीचा वाद वहीत कसा सोडवायचा

वागळे इस्टेटमध्ये माझ्या ओळखीचे एक लेथवाले आहेत. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत काम बसवतील असा त्यांचा हात. मागच्या पावसाळ्यात आमच्याबरोबर प्रोन (पोटावर झोपून) मारणाऱ्या एका मुलीने मला विचारलं, "काका, त्यांच्याकडून ट्यूनर करून घेऊ का? आणि जमलं तर नळीचं तोंडही नव्याने कापून घेते. क्राऊन गेलाय असं सगळे म्हणतात." तिचा ६० गोळ्यांचा स्कोअर सहा महिने ६१५ च्या आगेमागे अडकला होता. घरच्यांनी रायफलीसाठी बरेच पैसे घातलेले, त्यामुळे दोष कुठे आहे हे तिला लवकर कळायला हवं होतं.

क्राऊनबद्दल, म्हणजे गोळी सुटते त्या नळीच्या तोंडाच्या कडेबद्दल, मी लगेच नकार दिला. ट्यूनर म्हणजे नळीच्या तोंडाशी बसवायचं, पुढेमागे सरकवता येणारं वजन. त्याबद्दल "अजून नाही" म्हणालो. "अजून नाही" का, हे समजवायला तीन रविवार गेले. पॅरिसमध्ये २०२४ साली कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेंनी ५० मीटर थ्री-पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवल्यापासून ठाणे-नवी मुंबईतली एअर रायफलवाली मुलं मला .२२ बद्दल जास्त विचारू लागली आहेत, आणि चौथा-पाचवा प्रश्न हमखास ट्यूनरचा असतो. म्हणून ते तीन रविवार इथे सविस्तर मांडतो.

आधी कायद्याचं, कारण इथे चूक परवडत नाही

शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्र बनवणं, दुरुस्त करणं, त्यात बदल करणं, यालाही परवाना लागतो. नळी आखूड करण्यासाठी कलम ६ वेगळं आहे. शस्त्राच्या व्याख्येत त्याचे भागही येतात. म्हणजे वागळे इस्टेट असो, रबाळे असो की तुर्भे एमआयडीसी, लेथवाल्याचा हात कितीही चांगला असला तरी रायफलीची नळी त्याच्या चकमध्ये जाता कामा नये. तुमचा परवाना ठाणे पोलीस आयुक्तालयाचा असो वा नवी मुंबईचा, तो रायफल बाळगण्याचा असतो, ती कुणाकडूनही कापून घेण्याचा नसतो. क्राऊन, चेंबर (काडतूस बसतं ती पोकळी), आटे, बेडिंग (रायफल दस्त्यात घट्ट बसवणं) ही कामं परवानाधारक गनस्मिथकडेच, लेखी पावती घेऊन.

ट्यूनरच्या बाबतीतही वादाची जागा ठेवू नका. तयार, बिलासकट घेतलेला आणि नळीवर फक्त आवळून बसणारा ट्यूनर घ्या. नळीला आटे पाडावे लागतील असा नको. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात कॉम्पेन्सेटर आणि मझल ब्रेक, म्हणजे तोंडाशी वायू वळवून झटका कमी करणारी जोडणी, चालत नाहीत. तुमचा ट्यूनर निव्वळ भरीव वजन आहे ना, मापात आणि एकूण ८ किलोच्या मर्यादेत बसतो ना, हे स्पर्धेच्या इक्विपमेंट कंट्रोलमध्ये आधीच दाखवून घ्या.

हा वाद आला कुठून

रिमफायर बेंचरेस्ट हा खेळ आपल्याकडे फारसा पाहायला मिळत नाही. रायफल पुढे जड स्टँडवर आणि मागे वाळूच्या पिशवीवर ठेवलेली, समोर ५० मीटर किंवा ५० यार्डांवर एक कार्ड, त्यावर २५ छोटी टार्गेट, प्रत्येकावर मोजणीची एकच गोळी. जागतिक महासंघाच्या कार्डाचे कमाल गुण २५०, अमेरिकेतल्या एआरए संघटनेच्या कार्डाचे २५००. शरीराचा झोका, स्लिंग (रायफल हाताला बांधायचा पट्टा), नाडीचे ठोके हे सगळं तिथे जवळजवळ बाद होतं. उरतात तीनच गोष्टी: काडतूस, नळी आणि वारा. म्हणून नळीबद्दल सर्वांत खोल काम त्यांनीच केलंय आणि सर्वांत कडाक्याची भांडणंही त्यांच्यातच होतात.

एक बाजू म्हणते, नळी ही गनस्मिथच्या हातात घडते. बोअर (नळीची आतली पोकळी) घासून एकसारखा केलेला असावा आणि तोंडाकडे केसभर घट्ट होत जावा. चेंबर इतका नेमका असावा की काडतूस बसताना गोळीवर नळीच्या आत पीळ घेत जाणाऱ्या उंचवट्यांचे हलके ठसे उमटावेत. काडतुसावर आदळणाऱ्या पिनचा ठोका प्रत्येक वेळी सारखाच पडावा. हे जमलं की ट्यूनर ही शेवटची चिमूटभर साखर. दुसरी बाजू म्हणते, कितीही चांगली नळी घ्या, तोंडाशी योग्य वजन योग्य जागी नसेल तर तिची अर्धी ताकद वाया जाते. ट्यूनरवाल्यांमध्येही पुन्हा दोन तट आहेत. एकाचं म्हणणं, ट्यूनर नळीचं तोंड गोळी सुटण्याच्या क्षणी स्थिर करतो. दुसऱ्याचं म्हणणं बरोबर उलट: तोंड हलतच असतं, ट्यूनर फक्त ते योग्य दिशेला, योग्य वेगाने हलतं ठेवतो.

मी या शेवटच्या मताचा आहे. कारण ते मोजून तपासता येतं.

मिलिमीटरचा हिशेब

आपलं मॅचचं .२२ काडतूस ४० ग्रेनची गोळी साधारण ३२५ मीटर प्रतिसेकंद वेगाने सोडतं. ५० मीटर कापायला तिला सेकंदाच्या सहाव्या भागाहून किंचित कमी वेळ लागतो, आणि तेवढ्यात ती नळीच्या रेषेपासून साधारण १२ सेंटिमीटर खाली येते. साइट आपण तेवढी वर केलेली असते, म्हणून हे जाणवत नाही. पण डब्यातल्या सगळ्या गोळ्या ३२५ नेच सुटत नाहीत. एखादी ३२० ने सुटते, एखादी ३३० ने. वेगात १ मीटर प्रतिसेकंदाचा फरक पडला की ५० मीटरवर उंचीत साधारण ०.८ मिलिमीटरचा फरक पडतो. १० चा फरक असेल तर ८ मिलिमीटर. आपलं टेन, म्हणजे दहा गुणांचं वर्तुळ, केवढं? १०.४ मिलिमीटर व्यासाचं. म्हणजे तुमचा होल्ड आणि ट्रिगर निर्दोष असले तरी निव्वळ वेगाच्या फरकाने गोळी टेनच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेजवळ जाऊ शकते.

आता नळीकडे या. गोळी नळीत अडीच ते तीन मिलिसेकंद असते. तेवढ्या वेळात नळी वाकते, थरथरते आणि तोंड वरखाली होतं. हळू सुटलेली गोळी वेगवान गोळीपेक्षा किंचित उशिरा बाहेर पडते, मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी उशिरा. नेमकं त्याच वेळी तोंड वर चढत असेल, तर हळू गोळी किंचित वरच्या कोनात सुटते. ती वाटेत जास्त खाली येणार, पण तिला सुरुवातच वरची मिळालेली असते. दोन्हींची वजाबाकी होते आणि दोन्ही गोळ्या एकाच भोकात जातात. याला पॉझिटिव्ह कॉम्पेन्सेशन म्हणतात.

ही कल्पना जुनी आहे. रायफलीच्या नळीच्या कंपनांवर ए. मॅलॉक यांनी १९०१ साली लिहिलं होतं. आपल्या पोलिसांच्या हातात वर्षानुवर्षं दिसलेली थ्री-नॉट-थ्री, म्हणजे ली-एनफिल्ड, लांब पल्ल्यावर अपेक्षेपेक्षा चांगला ग्रुप देते, म्हणजे गोळ्या एकमेकींजवळ पाडते, हे ब्रिटिश नेमबाजांना केव्हाच माहीत होतं, आणि त्याचं कारणही हेच सांगितलं जातं. ट्यूनर एवढंच करतो की तोंडाशी वजन पुढेमागे सरकवून हा चढता क्षण गोळीच्या सुटण्याच्या क्षणाशी जुळवतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, जुळवणी अंतराला बांधलेली असते. १० मीटर प्रतिसेकंदाच्या फरकासाठी ५० मीटरवर ८ मिलिमीटर भरून काढणारा कोन १०० मीटरवर १६ भरून काढतो, पण तिथे गरज साधारण ३० ची असते. म्हणून ५० मीटरला लावलेला ट्यूनर १०० ला अर्धवटच. दुसरी आणि महत्त्वाची, ट्यूनर फक्त उंचीतला पसारा कमी करतो. आडवा पसारा वाऱ्याचा असतो: १ मीटर प्रतिसेकंदाचा आडवा वारा ५० मीटरवर गोळीला साधारण ५ मिलिमीटर ढकलतो. ग्रुप आडवा पसरत असेल तर ट्यूनरला हात लावू नका. वाऱ्याच्या झेंड्याकडे बघायला शिका.

पहिला रविवार: रायफल रायफलीसारखी आहे का

वर सांगितलेल्या मुलीच्या रायफलीबाबत पहिल्या दिवशी आम्ही स्कोअरसाठी एकही गोळी मारली नाही.

आधी स्टॉकचे, म्हणजे दस्त्याचे, स्क्रू. टॉर्क (आवळण्याचा जोर) मोजणाऱ्या पान्याने, निर्मात्याने दिलेल्या आकड्यापर्यंत, आणि आकडा वहीत. तिचा पुढचा स्क्रू सैल निघाला. लाकडी स्टॉक असेल तर आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमटपणात लाकूड फुगतं आणि डिसेंबरात पुन्हा बसतं, त्यामुळे एप्रिलमध्ये लावलेला टॉर्क गणपतीनंतर तोच उरत नाही. दर महिन्याला तपासा. ॲल्युमिनियम स्टॉकला हा त्रास नाही, तरी तपासा.

मग पिनची स्प्रिंग. रिमफायरमध्ये बारूद पेटवणारा मसाला काडतुसाच्या कडेत असतो आणि पिन ती कड चेंबरच्या काठावर चिरडते. स्प्रिंग थकली की ठोका मऊ पडतो, पेट एकसारखी होत नाही आणि वेगाचा पसारा वाढतो. रिकाम्या केसेस (उडालेल्या काडतुसांची टरफलं) शेजारी ठेवून कडेवरचे ठसे भिंगातून बघा. खोली कमीजास्त दिसली तर गनस्मिथकडून स्प्रिंग बदलून घ्या. मी नळीवर शंका घेण्याआधी नेहमी स्प्रिंगवर घेतो. खर्च कमी आणि दोषी निघण्याची शक्यता जास्त.

मग सफाई. चेंबरच्या पुढच्या टोकाशी कार्बनचं कडक कडं जमतं. कापडाचा साधा पॅच फिरवून ते जात नाही, आणि ते वाढलं की काडतूस बसताना जड जातं, उडालेली केस बाहेर काढताना अडखळते. बोअर गाइड (रॉड मध्यभागी धरणारी नळी) लावूनच सफाईचा रॉड घाला, म्हणजे रॉड क्राऊनवर घासणार नाही. कितीतरी क्राऊन गोळ्यांनी नव्हे, सफाईच्या रॉडनेच खराब होतात.

आणि क्राऊन. २०-३० गोळ्यांनंतर नळीच्या तोंडावर शिसं आणि मेणाचा चांदणीसारखा ठसा उमटतो. रायफल रिकामी, बोल्ट बाहेर, मग भिंगातून बघा. चांदणीच्या सगळ्या पाकळ्या सारख्या असतील तर क्राऊनवर संशय घेण्याचं कारण नाही. एकच बाजू लांबलेली किंवा गायब असेल तर गनस्मिथला दाखवा. तिच्या नळीवरची चांदणी एकसारखी होती. "क्राऊन गेलाय" म्हणणाऱ्यांपैकी कुणी ती पाहिली नव्हती.

दुसरा रविवार: लॉट

माझं स्पष्ट मत आहे: नव्या नळीच्या पैशांत काडतुसांचे चांगले दोन लॉट (एकत्र बनलेल्या खेपा) शोधून साठवले तर बहुतेक ज्युनिअर नेमबाजांना जास्त फायदा होतो. एली, लापुआ, आरडब्ल्यूएस, नाव कुठलंही असो, एकाच ब्रँडच्या एकाच वर्गाचे दोन लॉट तुमच्या नळीत फार वेगळे वागू शकतात. म्हणूनच लापुआची जर्मनीत श्योनेबेकला आणि एलीची बर्मिंगहॅमला चाचणीची सोय आहे, जिथे तुमची नळी क्लॅम्पमध्ये धरून लॉटमागून लॉट मारून बघतात. आपल्याला तिकडे जाणं सहसा जमत नाही, म्हणून इथेच बेंचवरून करायचं.

वरळीच्या रेंजवर किंवा पुण्याला बालेवाडीत, जिथे वेळ मिळेल तिथे, सकाळी लवकर, वारा उठायच्या आत. परवानगी घेऊन रायफल पुढे स्टँडवर, मागे पिशवीवर. आधी त्याच लॉटच्या १५-२० गोळ्या, कारण प्रत्येक लॉटचं मेणचट वंगण वेगळं असतं आणि नळीला त्याची सवय व्हावी लागते. मग १० गोळ्यांचे ४ ग्रुप. चार-पाच लॉटपेक्षा जास्त एका दिवशी घेऊ नका, थकवा नोंदीत शिरतो. काडतुसांचे डबे सावलीत ठेवा. वाशीला किंवा माजिवड्याला उन्हात उभ्या गाडीत तासभर राहिलेला डबा आणि एसीतून आलेला डबा यांची तुलना करण्यात काही अर्थ नाही.

काडतुसाच्या कडेची जाडी मोजून काडतुसं वेगळी करण्याची पद्धत आहे. चांगल्या मॅच लॉटवर मी त्यात वेळ घालवत नाही.

पाच गोळ्यांचा भ्रम

इथे थांबून एक गोष्ट नीट पटवून घ्या, कारण ट्यूनरबद्दलच्या बहुतेक वादांचं मूळ इथे आहे.

समजा तुमच्या रायफलीचा खरा दर्जा असा आहे की ५ गोळ्यांचा ग्रुप सरासरी १२ मिलिमीटर येतो. काहीही न बदलता तुम्ही असे २० ग्रुप मारले तर ते सगळे १२ येणार नाहीत. काही १५-१६ चे येतील, काही ९ चे, आणि वीसमधला सर्वांत छोटा ७ च्या आसपास सहज येईल. निव्वळ योगायोगाने. आता हेच २० ग्रुप ट्यूनरच्या २० वेगवेगळ्या खुणांवर, म्हणजे वजनाच्या २० जागांवर, मारले असं समजा. ७ मिलिमीटरच्या ग्रुपखाली "खूण १८०" असं लिहिलेलं असेल, आणि माणूस आनंदाने ट्यूनर तिथे कायमचा आवळून टाकेल. ट्यूनरने काहीही केलेलं नसेल.

मी हे स्वतः केलंय. एका सुंदर पाच गोळ्यांच्या ग्रुपवर विसंबून खूण ठरवली, स्पर्धेला गेलो आणि तिथे सगळ्या सिरीज उभ्या पसरल्या. त्या दिवशी मी ट्रिगरला, श्वासाला, जेवणाला, सगळ्याला दोष दिला. खुणेवर शंका घ्यायला दोन महिने लागले.

म्हणून दोन नियम. एक, थोड्या गोळ्यांच्या चाचणीत सर्वांत छोटा ग्रुप शोधायचा नाही, वाईट खुणा बाद करायच्या. दोन, लांबातल्या लांब दोन भोकांमधलं अंतर मोजण्याऐवजी सगळ्या गोळ्यांची उंची नोंदवायची. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर प्रत्येक गोळीचे आडवे-उभे आकडे आयते मिळतात. कागद असेल तर एका टार्गेटवर एकच गोळी मारा आणि मधल्या रेषेपासून वर-खाली किती, ते मोजपट्टीने टिपा.

तिसरा रविवार, सकाळ: ट्यूनरची गरज आहे का

या भागासाठी वेग मोजायचं यंत्र, क्रोनोग्राफ, लागतं. नळीवर टांगायचा प्रकार घेऊ नका. ते यंत्र स्वतःच तोंडाशी लोंबणारं वजन होऊन बसतं आणि जे मोजायचं तेच बिघडवतं. रडारचा किंवा प्रकाशकिरणांचा, नळीपासून वेगळा उभा राहणारा हवा. क्लबात तिघाचौघांनी मिळून एक घेतला तरी पुरतो.

ट्यूनर न लावता, निवडलेल्या लॉटच्या २० गोळ्या मारा. प्रत्येकीचा वेग आणि उंची समोरासमोर लिहा. मग वेगाप्रमाणे क्रम लावा: वेगवान १० एका बाजूला, हळू १० दुसऱ्या बाजूला. दोन्ही गटांची सरासरी काढा.

उदाहरण घ्या. वेगवान गटाची सरासरी ३२७.५, हळू गटाची ३२२.५, फरक ५. नळीने काहीच मदत केली नाही तर हळू गट ५ गुणिले ०.८, म्हणजे साधारण ४ मिलिमीटर खाली पडायला हवा. तुमचा खरंच ४ खाली आला, तर नळी तटस्थ आहे आणि ट्यूनरला काम आहे. फरक शून्याजवळ आला, तर तुमची नळी आहे त्या स्थितीतच जुळलेली आहे. ट्यूनरचे पैसे काडतुसांत घाला. हळू गट ७-८ खाली आला, तर तोंड सुटण्याच्या क्षणी खाली जातंय, आणि ट्यूनरचा फायदा इथे सर्वांत जास्त दिसेल. हळू गट वर आला, तर गरजेपेक्षा जास्त भरपाई होतेय.

दोन्ही गटांच्या सरासरीत मिलिमीटर-दीड मिलिमीटरची चूक धरूनच चाला. ४ आणि ३ मधला फरक वाचू नका. ४ आणि ० मधला वाचा.

आपल्या प्रोन रायफलींबाबत एक गोष्ट बेंचरेस्टवाले सांगत नाहीत, कारण त्यांना ती लागत नाही. पुढची साइट लांब नेण्यासाठी आपण नळीपुढे जी नळकांडी लावतो, ती स्वतःच एक वजन आहे. ती काढून केलेली चाचणी निरुपयोगी. स्पर्धेत रायफल जशी असते, साइट, नळकांडी, वजनं सगळं लावून, तशीच बेंचवर ठेवा.

त्या मुलीच्या रायफलीत हळू गट जवळपास पूर्ण हिशेबाइतका खाली येत होता. म्हणजे ट्यूनरला वाव होता. पण तिचा जुना लॉट वेगात इतका पसरलेला होता की फक्त लॉट बदलल्याने उभा पसारा डोळ्यांना दिसेल इतका कमी झाला होता. ट्यूनरला उरलेलं काम त्यामानाने थोडं होतं.

तिसरा रविवार, उशिरा: ट्यूनर लावायचाच झाला तर

सुरक्षिततेचं आधी. ट्यूनर फिरवायचा म्हणजे हात नळीच्या तोंडाशी जाणार. प्रत्येक वेळी, अपवाद न करता: काडतूस बाहेर, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग, रेंज ऑफिसरला सांगून, आणि हात बाजूने. फायरिंग लाइनच्या पुढे कुणीही पाऊल टाकायचं नाही. कंटाळा येईल, दिवसात तीस वेळा करावं लागेल, तरी तिसाव्या वेळीही पहिल्यासारखंच. ट्यूनर तोंडापुढे जात असेल तर गोळी त्याला कुठेही घासणार नाही इतकं त्याचं भोक मोठं आणि नळीच्या रेषेत आहे, हे प्रकाशात बघून घ्या.

ट्यूनर बसवला की ठरलेल्या टॉर्कने आवळा. ढिला ट्यूनर हा ट्यूनर नसण्यापेक्षा वाईट.

आता खडबडीत चाचणी. ट्यूनरवर ५०० खुणा असतील तर ० पासून दर ५० ला एक, अशा ११ जागा. प्रत्येक जागी ५ गोळ्या, वेग आणि उंची दोन्ही नोंदवून. इथे ग्रुप केवढा आला ते बघू नका. प्रत्येक जागी मधला बिंदू उंचीत कुठे सरकतो ते बघा. वजन पुढे सरकलं की तोंड सुटण्याच्या क्षणी वेगळ्या कोनात असतं, त्यामुळे मधला बिंदू वरखाली होत जातो. या ५५ गोळ्यांतून उघड वाईट, उभ्या पसरलेल्या जागा बाद करा आणि एकमेकींपासून दूर असलेल्या तीन जागा पुढे न्या.

त्या तिघींवर प्रत्येकी २० गोळ्या, पण सलग नाही. पहिल्या खुणेवर ५, दुसरीवर ५, तिसरीवर ५, मग पुन्हा पहिली, असे चार फेरे. ऊन चढतं, वारा फिरतो, खांदा दुखू लागतो. हे सगळं तिन्ही खुणांना सारखं वाटलं जावं म्हणून. शक्य असेल तर खूण दुसऱ्याने लावावी आणि मारणाऱ्याला सांगू नये. आवडत्या खुणेवर माणूस नकळत जास्त काळजीने मारतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

मग सकाळचाच हिशेब: वेगवान १०, हळू १०, उंचीतला फरक. ज्या खुणेवर फरक शून्याच्या सर्वांत जवळ, ती खूण तुमची. त्या खुणेवर उभा पसाराही कमी दिसायला हवा. फरक शून्य आला पण पसारा कमी झालाच नाही, तर काहीतरी वेगळं बिघडलेलं आहे आणि पहिल्या रविवारकडे परत जायचंय.

वाऱ्याचं एक लक्षात ठेवा. आपल्या नळ्यांचा पीळ उजवा असतो, त्यामुळे आडवा वारा गोळीला फक्त बाजूला नाही, किंचित वर-खालीही नेतो. उजवीकडून आलेला वारा डावीकडे आणि थोडं वर, डावीकडून आलेला उजवीकडे आणि थोडं खाली. वारा एकाच फेरीत दोन्ही बाजूंनी वाहिला तर तुमचे उंचीचे आकडे भेसळीचे होतात. अशी फेरी खोडून पुन्हा मारा. गोळ्यांचा खर्च जिवावर येतो, पण खोट्या आकड्यावर वर्षभर मारणं त्याहून महाग पडतं.

शेवटी वेगळ्या दिवशी, बेंचवरून २० आणि स्लिंग बांधून प्रोनमध्ये २०. हे दुसरं वगळू नका. तोंडाचं चढणं निव्वळ नळीच्या थरथरीतून येत नाही. रायफल खांद्यावर आणि स्लिंगवर कशी उचलली जाते, त्यातूनही येतं. पिशवीवर जुळलेली खूण स्लिंगमध्ये थोडी सरकलेली निघू शकते, आणि तुम्ही स्पर्धा पिशवीवर खेळत नाही. प्रोनमध्ये होल्डचा पसारा मिसळतो, म्हणून तिथे २० ऐवजी ४० मारता आल्या तर उत्तम.

सगळं धरून ट्यूनरच्या चाचणीला नळी सवयीला आणण्याच्या गोळ्यांसह २०० च्या आसपास काडतुसं लागतात, म्हणजे ५० चे चार डबे. पाच गोळ्यांच्या ग्रुपांवर खुणा बदलत राहणारा नेमबाज वर्षभरात याहून जास्त घालवतो.

गनस्मिथकडे कधी जायचं

स्क्रू नीट, स्प्रिंग नवी, चेंबर स्वच्छ, पाच लॉट तपासलेले, आणि तरीही सर्वांत चांगल्या लॉटचा १० गोळ्यांचा ग्रुप बेंचवरून टेनच्या बाहेर वारंवार जातोय: आता नळीवर शंका घ्यायला आधार आहे. गनस्मिथकडे जाताना वही घेऊन जा. "ग्रुप येत नाही" एवढं ऐकून चांगला गनस्मिथसुद्धा अंदाजच करणार. त्याला आकडे, उडालेल्या केसेस, चांदणीचा फोटो आणि लॉटची यादी दाखवली तर तो नेमक्या जागी बघेल: बोअरमध्ये मऊ शिशाचा तुकडा ढकलून घट्ट-सैल जागा शोधेल, काडतुसाची कड आणि बोल्ट यांमधली मोकळीक तपासेल, बेडिंग बघेल. एका वेळी एकच काम करून घ्या आणि प्रत्येक कामानंतर तीच २० गोळ्यांची चाचणी. क्राऊन, बेडिंग आणि स्प्रिंग एकदम करून आणलेली रायफल सुधारली तरी कशामुळे ते कळत नाही, आणि बिघडली तर मग विचारूच नका.

नळी बदलली, लॉट बदलला, नळकांडीची लांबी बदलली, पुढचं वजन हललं, तर खूण पुन्हा तपासा. लॉट बदलल्यावर पूर्ण चाचणी लागत नाही. जुन्या खुणेवर २० गोळ्या आणि दोन गटांचा हिशेब पुरतो. फरक दीड मिलिमीटरच्या आत असेल तर हात लावू नका.

त्या मुलीच्या वहीच्या पहिल्या पानावर आता पाच रकाने आहेत: तारीख, लॉट, पुढच्या-मागच्या स्क्रूचा टॉर्क, ट्यूनरची खूण, आणि वेगवान-हळू गटांतला उंचीचा फरक. ट्यूनरच्या रकान्यात अजून "नाही" असंच लिहिलंय. चांगला लॉट संपत आला की तेव्हा बघू, असं तिनेच ठरवलंय.